तीस अँपचा शेजार

आरव्ही ट्रिपचे, म्हणजे चाकांवरचं घर घेऊन केलेल्या सहलीचे, फोटो टाकणारे लोक एक गोष्ट हमखास लपवतात, ती म्हणजे शेजारी. फोटोत कसं, एक पांढरीशुभ्र गाडी, मागे निळे डोंगर, पुढे फोल्डिंगची खुर्ची, हातात कॉफीचा मग आणि आसपास माणूस म्हणून नाही. प्रत्यक्षात डावीकडे दहा-बारा फुटांवर कुणाचा तरी एसी घरघरत असतो, उजवीकडे कुणीतरी सकाळी सातला आपल्या कुत्र्याशी गप्पा मारत असतं, आणि तो डोंगर फ्रेममध्ये एकटा यावा म्हणून फोटो काढणारा पिकनिक टेबलावर चढलेला असतो. माझी तक्रार नाहीये हां. उलट मला आताशा वाटायला लागलंय की त्या सगळ्या प्रकरणात पैसे वसूल होतात ते शेजारामुळेच. डोंगर काय, रस्त्याच्या कडेला गाडी लावून पाच मिनिटांत बघून होतात.

आम्ही राहतो केरीत, नॉर्थ कॅरोलायनाच्या साधारण मधोमध, जुलैत दुपारी नुसता पार्किंग लॉट ओलांडायचा तरी जिवावर येतं. आई डोंबिवलीहून सहा महिन्यांसाठी आलेली. तिचा गुडघा तिला डोंगरबिंगर चढू देत नाही आणि हॉटेलात तिला घुसमटायला होतं, कारण खिडकी उघडत नाही (हे तिचं अमेरिकेबद्दलचं एक नंबरचं गाऱ्हाणं, दोन नंबरचं म्हणजे रस्त्यावर माणसं दिसत नाहीत). नवऱ्याला आरव्हीचं खूळ फार जुनं, यूट्यूबवर बघून बघून तो न चालवताच एक्स्पर्ट झालेला, मग शेवटी पंचवीस फुटी क्लास सी भाड्याने घेतली, म्हणजे पुढून डिलिव्हरी व्हॅनसारखी दिसते आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर एक पलंग असतो ती, आणि आय-४० हायवे पकडून पश्चिमेला निघालो. ओल्ड फोर्ट सोडलं की घाट लागतो, सहा टक्क्यांचा चढ मैलोन् मैल, गाडी उजव्या लेनमधून ट्रकांच्या मागे धापा टाकत चढते आणि पलीकडच्या उतारावर ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांसाठी ठेवलेल्या खास वाटा दिसतात. मागे कपाटातली भांडी वाजत होती. आई म्हणाली, भांडी वाजतायत म्हणजे संसार बरोबर घेतलाय खरा.

जायचं होतं मॅगी व्हॅलीला. स्मोकी माउंटन्सच्या या अंगाला तीनेक हजार फुटांवर एक लांबुळकं गाव, एकच मोठा रस्ता, त्याच्या दोन्ही बाजूंना मोटेलं, पॅनकेक हाउसं आणि मधूनमधून कॅम्पग्राउंडांच्या पाट्या. इथे एवढी कॅम्पग्राउंडं का, याचं उत्तर शेजारच्या नॅशनल पार्कात आहे. ग्रेट स्मोकी माउंटन्स हे पार्क १९३४ मध्ये झालं, आज तिथे वर्षाला एक कोटीच्या वर भेटी होतात, अमेरिकेतल्या दुसऱ्या कुठल्याही नॅशनल पार्कात एवढी गर्दी नाही, पण पार्कच्या आतल्या बहुतेक कॅम्पग्राउंडांत वीज नाही, पाण्याचं कनेक्शन नाही, आंघोळीला शॉवर नाही. तंबूवाल्यांचं भागतं. घर घेऊन फिरणाऱ्यांना मात्र घराची सोय लागते, मग ती पार्काच्या सीमेबाहेर ज्यांची ओढ्याकाठी जमीन होती त्यांनी केली. कुणी मक्याचं शेत मोडून, कुणी गुरांचं कुरण सपाट करून. मोठ्या साखळ्यासुद्धा अशाच सुरू झाल्यात, केओए म्हणून जी सगळीकडे दिसते ती १९६२ मध्ये मोंटानातल्या बिलिंग्जला नदीकाठी सुरू झाली, सिएटलच्या वर्ल्ड्स फेअरला गाडीने जाणाऱ्या लोकांना रात्री टेकायला जागा हवी होती म्हणून. आता काही ठिकाणी पिकलबॉल कोर्ट आणि वॉटर स्लाइड असते. तशी दोन-चार आम्ही आधी पाहिलीत, स्वच्छ असतात, सगळं जागच्या जागी, आणि घरी आल्यावर त्यातलं काही म्हणजे काही आठवत नाही.

आम्ही उतरलो ते कॅम्पग्राउंड मात्र एका कुटुंबाचं, घरातलं होतं. ऑफिस म्हणजे मालकांच्याच घराचा जाळी लावलेला पोर्च. त्यात बर्फाचा फ्रीझर, लाकडाच्या मोळ्या, एका टोपलीत अंडी आणि शेजारी पैसे टाकायला कॉफीचा डबा, आणि एका खुर्चीत मालकांची आई. चेक-इन करताना एक छापील कागद हातात मिळतो. तो कागद मी जपून ठेवलाय कारण त्यात त्या कुटुंबाचा सगळा इतिहास आहे, नियमाच्या भाषेत. रात्री दहा ते सकाळी सात शांतता, हे सगळीकडे असतं. पण 'ओढ्यातले दगड रचून धरण बांधू नये', 'झाडांना दोरी बांधू नये, खिळे तर नाहीच नाही', 'बाहेरून लाकूड आणू नये', 'रविवारी सकाळी ऑफिस उघडं नसतं, आम्ही चर्चला असतो, जागा हवी तर घ्या, पैसे नंतर द्या', असं वाचलं की कळतं की प्रत्येक ओळीमागे एकेक नग येऊन गेलेला आहे. लाकडाचं कारण मी विचारलं. बाहेरच्या लाकडातून कीड येते, अॅश झाडं पोखरणारा हिरवा भुंगा तसाच पसरतो, म्हणून पार्कातही उष्णता देऊन प्रमाणित केलेलंच लाकूड चालतं. आणि खाण्याचं काहीही बाहेर ठेवायचं नाही, चटणीचा चमचासुद्धा. अस्वलं येतात. येऊ शकतात असं नाही म्हणाल्या मालकीणबाई, येतात म्हणाल्या.

मालक गोल्फ कार्टमध्ये बसून पुढे आणि आम्ही मागे, अशी जागेपर्यंत वरात. मग तो उतरला, मागे जाऊन उभा राहिला आणि दोन्ही हातांनी नवऱ्याला रिव्हर्स घ्यायला लावलं. या माणसाने आयुष्यात किती गाड्या अशा आत घेतल्या असतील देव जाणे, एक शब्द नाही, फक्त मनगट हलतं, थोडं डावीकडे, थोडं अजून, मूठ मिटली की थांब. यूट्यूबवाला आमचा एक्स्पर्ट मुकाट्याने ऐकत होता. चाकांना लाकडी ठोकळे लागले, गाडी एका बाजूला कललेली होती ती फळ्या घालून सारखी केली (नाही केली तर फ्रिज नीट चालत नाही आणि रात्री सगळे एका बाजूला घरंगळतात), आणि मग जोडण्या. पाण्याची नळी, सांडपाण्याची नळी, विजेची केबल.

विजेबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण शेजाराची सुरुवात तिथून झाली. जागेच्या कडेला एक खांब असतो, त्यावर २०, ३० आणि ५० अँपची सॉकेटं. मोठ्या गाड्या पन्नासवर, आमच्यासारख्या तीसवर. तीस अँप गुणिले १२० व्होल्ट म्हणजे ३,६०० वॅट, एवढ्यात सगळा संसार बसवायचा. छतावरचा एसी त्यातले जवळजवळ अर्धे खातो, पाणी तापवायचा हीटर विजेवर असेल तर तो चौदाशेच्या आसपास, आणि त्यात आईने वरणभातासाठी इन्स्टंट पॉट लावला की हजार अजून. बेरीज करा. शेजारच्या लांबलचक ट्रेलरमधल्या काकांनी आमच्या खिडकीतून तो पॉट पाहिला आणि आम्ही बटण दाबायच्या आत बाहेरूनच ओरडून सांगितलं, हीटर गॅसवर टाका! नवऱ्याने टाकला. वरणभात झाला. मग काका आपणहून आत येऊन कुठला खटका कशाचा ते दाखवून गेले, आणि जाताना म्हणाले की रात्री इथे एसी लागतच नाही, खिडक्या उघडा. आईचा चेहरा बघण्यासारखा झाला. खिडक्या उघडतात!

हे काका-काकू 'वर्कॅम्पर'. फ्लोरिडातले रिटायर्ड, घर विकून टाकलेलं, वर्षभर गाडीतच. उन्हाळा इथे, हिवाळा दक्षिणेत. आठवड्यातले ठरावीक तास बाथहाउस साफ करायचं, गवत कापायचं, रात्री उशिरा येणाऱ्यांना जागा दाखवायची, बदल्यात जागा फुकट. त्यांचं लायसन्स साउथ डकोटाचं. तिथे राहिलेत किती, तर लायसन्स काढायला गेले ती रात्र. पूर्णवेळ गाडीत राहणारे हजारो लोक तसंच करतात, तिथे टपाल पुढे पाठवणारा पत्ता मिळतो, राज्याचा इन्कम टॅक्स नाही, आणि एका रात्रीची कॅम्पग्राउंडची पावती दाखवली की काम होतं. आईला मी हे समजावून सांगितलं तर तिने एवढंच विचारलं, मग आजारी पडले की कुठे जातात? मला उत्तर आलं नाही. काकूंना विचारलं तर त्या हसून म्हणाल्या की तो प्रश्न आम्ही दर हिवाळ्यात भांडून पुढच्या हिवाळ्यावर ढकलतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई बाथहाउसमधून आंघोळ करून आली (गाडीतला शॉवर तिने नाकारला, कपाटात उभं राहून कोण आंघोळ करणार, म्हणाली) आणि ओला टॉवेल हातात घेऊन दोरी शोधायला लागली. झाडाला बांधायची नाही हे मी सांगितलं. पाच मिनिटांत काकू घडीचा स्टँड घेऊन हजर. टॉवेल वाळत पडला, समोरच्या गाडीतल्या बाईंनी हात केला, कुणाची तरी पोरं सायकलवरून तीन वेळा जाऊन चौथ्या वेळी थांबली आणि आईच्या कपाळावरची टिकली कशाने चिकटते ते विचारून गेली. आई खुर्चीत बसून हे सगळं बघत होती आणि म्हणाली, ही तर चाळ आहे गं.

आता आई लालबागच्या चाळीत वाढलेली आहे आणि चाळीबद्दल गळे काढणाऱ्यांवर तिचा फार राग आहे. व्हॉट्सअॅपवर 'गेले ते दिवस' छाप फॉरवर्ड आला की ती उत्तरात लिहिते, संडासाच्या रांगेत उभं राहून बघा मग सांगा. म्हणून मी जरा चेष्टेत म्हटलं, म्हणजे तुला माणुसकी दिसली वाटतं, सगळे चांगले लोक वगैरे. तर म्हणाली, चांगले कसले, कडू होते एकेक, पण नळ एकच होता ना.

मला हे तिचं वाक्य त्या कॅम्पग्राउंडबद्दलचं सगळ्यात अचूक निरीक्षण वाटतं. कारण ते काका केरीत आमच्या शेजारी राहत असते तर आमची ओळख झाली असती का? आमच्या खऱ्या शेजाऱ्यांचं नाव आम्हाला चुकून आमच्याकडे आलेल्या त्यांच्या पार्सलवरून कळलं. तिथे प्रत्येकाचा गॅरेजचा दरवाजा रिमोटने उघडतो, गाडी आत, दरवाजा खाली, संपलं. इथे सगळ्यांचं काही ना काही कमी पडत असतं. कुणाला पाण्याच्या प्रेशरचा रेग्युलेटर हवाय, कुणाची नळी दोन फूट आखूड, कुणाकडे कॅन ओपनर नाही, वॉशिंग मशीनला क्वार्टर (पंचवीस सेंटची नाणी) लागतात आणि ते तर कुणाकडेच नसतात. आणि भिंती पातळ. काका कितीला घोरायला लागतात ते मला माहीत आहे, आमचं मराठीतलं भांडण त्यांना माहीत आहे. फरक इतकाच की इथे आम्ही पैसे देऊन आलोय आणि कंटाळा आला की चावी फिरवून निघू शकतो, चाळीतून ते शक्य नव्हतं. हा फरक लहान नाही. आईनेच तो लगेच दाखवून दिला.

तिसऱ्या प्रहरी आई पोर्चवर गायब झाली. मी शोधत गेले तर मालकांची आई मांडीवर पातेलं घेऊन शेंगा निवडत होती आणि आमची आई न विचारता खुर्ची ओढून तिच्या समोर. 'हाफ रनर' म्हणतात त्या शेंगा, या डोंगरात घरोघरी, आपल्या श्रावणघेवड्याच्या जवळच्या पण शिरा दांडग्या. टोक मोडायचं, शीर खालपर्यंत ओढायची, उलटं करून दुसरीकडची ओढायची, मग तीन तुकडे. दोघींचे हात एकाच लयीत चालले होते, फक्त ती शिरा वर्तमानपत्रावर टाकत होती आणि आई ओट्याच्या सवयीने स्वतःच्या डाव्या मुठीत धरून ठेवत होती. इंग्रजी आईला समजतं बऱ्यापैकी, बोलताना अडतं, आणि त्या आजींचं डोंगरी इंग्रजी मलाच अर्धं कळत नव्हतं, तरी मी मध्ये दुभाषी म्हणून बसले. शेंगा करता कशा, तर डुकराची चरबी घालून दोन तास मंद आचेवर. मग शेंग राहते कुठे, आई मला मराठीत म्हणाली. हे मी भाषांतरित केलं नाही.

आजींचे यजमान कँटनच्या पेपर मिलमध्ये होते. कँटन इथून अर्ध्या तासावर, तिथली मिल १९०८ पासून चालू होती आणि २०२३ मध्ये बंद झाली, हजाराच्या आसपास लोकांची नोकरी गेली. कॅम्पग्राउंड त्यांनी सुरू केलं तेच मुळी मिलच्या पगाराला जोड म्हणून, सुट्टीच्या दिवशी स्वतः चर खणून पाइप टाकले. ते आता नाहीत, पण मुलगाही काही वर्षं मिलमध्ये होता. गावात सडक्या अंड्यासारखा वास यायचा, बाहेरचे नाक दाबायचे, गावातले म्हणायचे हा पैशाचा वास आहे. मी हे सांगत होते तेवढ्यात आईने हात थांबवून विचारलं, भोंगा होता का, विचार तिला. होता. आजींनी शेंगा बाजूला ठेवून तोंडाने काढून दाखवला, लांबलचक, खालच्या पट्टीतला. आई म्हणाली आमचा याहून चिरका होता. माझे आजोबा लालबागला कापडगिरणीच्या साचेखात्यात होते, १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर, आणि आजोबा गावाला कुडाळकडे गेले ते मिलमध्ये परत आलेच नाहीत. हे मला माहीत होतं. पण पहिल्या महिन्यात त्यांना भोंगा न ऐकता जाग येत नसे आणि आली की कुठे जायचं कळत नसे, त्यामुळे ते गावच्या अंगणात चपला घालून नुसते बसत, हे आईने मला आजवर सांगितलेलं नव्हतं. ते तिने कँटनच्या आजींना सांगितलं. इंग्रजीत, तिच्या तिच्या. मला मध्ये बोलू दिलं नाही.

ओढ्याच्या काठी राहायचं म्हणजे पाण्याचाही हिशेब ठेवावा लागतो. याच काउंटीत ऑगस्ट २०२१ मध्ये फ्रेड वादळाच्या पावसाने पिजन नदी फुगली, क्रुसो भागात सहा माणसं गेली आणि नदीकाठचं एक कॅम्पग्राउंड उद्ध्वस्त झालं. तीन वर्षांनी, २७ सप्टेंबर २०२४ ला, हेलीन. त्या वादळाने राज्यात शंभराहून जास्त बळी घेतले, आणि टेनेसीकडे जाणारा आय-४० नदीच्या घळीत तुटून पाण्यात गेला, तो १ मार्च २०२५ ला उघडला, तोही दोन्हीकडे एकेक लेन. यांच्याकडे पाणी खालच्या ओळीतल्या जागांपर्यंत आलं आणि थांबलं. नुकसान झालं ते वेगळ्याच मार्गाने. ऑक्टोबर म्हणजे पानगळीचा सीझन, वर्षाची निम्मी कमाई त्यातच असते, आणि एकापाठोपाठ एक सगळी बुकिंगं रद्द. मालकीणबाई म्हणाल्या की फोन उचलायची भीती वाटायची. वर जमीन विकता का अशी पोस्टकार्डं येतात ती वेगळीच, ती त्यांनी फ्रीझरच्या झाकणावर चिकटवून ठेवलीत, ओळीने. मुलगी शार्लटला नर्स आहे, परत यायचं नाही म्हणते. पुढे काय, हे कुणी बोललं नाही, आईनेही विचारलं नाही, जी एरवी कुणाचाही पगार विचारते.

बाकी किरकोळ. ट्राउट आणली तळ्यावरून, पकडायची आणि वजनावर पैसे द्यायचे अशी, आईने लाल मसाला लावून बाहेरच्या शेगडीवर तळली, काकांनी तीन तुकडे खाल्ले, आईचा निकाल: मासा ताजा आहे पण बांगड्याची सर नाही. तवा लगेच धुवून आत घेतला, अस्वलाची भीती. संध्याकाळी एल्क (सांबरासारखे मोठे हरीण) आले, पार्कात २००१ मध्ये पुन्हा आणून सोडलेल्या कळपाची ही पुढची पिढी, आणि गावातून ते असे हिंडतात जसा रस्ता त्यांच्याच नावावर आहे. वायफाय फक्त पोर्चवर चालायचं. बाथहाउसचं गरम पाणी आठ वाजेपर्यंत संपायचं, त्यामुळे आई सहालाच नंबर लावायची.

निघायच्या दिवशी सकाळी टाक्या रिकाम्या करायच्या. यात रोमँटिक काही नाही. काळी टाकी आधी, म्हणजे संडासची, मग करडी, म्हणजे मोरी-बेसिनची, या क्रमानेच, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुवून निघते. नवरा रबरी हातमोजे घालून वाकलेला, काका शेजारी उभे राहून मार्गदर्शन करतायत, आणि आई लांबून म्हणतेय, अहो जावईबापू, तोंडावर रुमाल बांधा.

परत येताना नवऱ्याने फोनवर हिशेब मांडला. भाडं दिवसाला दोनशे डॉलरच्या आसपास, जागेचे ५०-६० वेगळे, येऊन जाऊन साडेपाचशे मैलांच्या आसपास आणि गाडी गॅलनला नऊ मैल देते. यात चांगलं हॉटेल झालं असतं, हे तोच म्हणाला, मी नाही. आई मागच्या सीटवरून म्हणाली की गाडी परत घेऊ नका, भांड्यांचा आवाज फार होतो, पण त्यांच्याकडे ओढ्याच्या अंगाला दोन लाकडी खोल्या आहेत, त्या आजी म्हणत होत्या, खिडक्या उघडतात, ऑक्टोबरचं बघ. मी घरी पोचल्यावर फोन केला. ऑक्टोबर आत्ताच फुल. हे सांगितल्यावर तिला वाईटबिईट काही वाटलं नाही, म्हणाली, वेटिंग लिस्ट असते का विचार.

असते. आमचा नंबर चौथा आहे.